डिस्पोजलचं इंजिन बदललं तो उन्हाळा

आमचं घर पांढरकवड्याच्या बाहेर, हैदराबादकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून होतं. आई अंगणात ज्वारी निवडत बसलेली असायची आणि रस्त्याकडे पाठ असूनही सांगायची, "हा भरलेला हाये," "हा खाली चालला," "ह्याचा सायलेन्सर फुटला, बाप्पा." ऐकून ऐकून मला आणि दादालाही ते येत गेलं. आमची स्वतःची गाडी मात्र ओळखावी लागत नसे. नाल्याच्या पुलावर आली की तिचा घोगरा आवाज घरापर्यंत यायचा आणि आई चुलीवर तवा टाकायची. वांग्याची रस्सेदार भाजी, भाकर, जवसाची चटणी, असं काहीतरी तयारच असायचं, फक्त भाकरी गरम वाढायच्या राहिलेल्या असायच्या. आवाज यायला उशीर झाला, की आई कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या मोडत बसायची. चुलीला लागतील त्याच्या तिप्पट मोडून व्हायच्या, तरी तिचे हात थांबायचे नाहीत. त्या पऱ्हाट्यांच्या मोडण्याचा आवाज माझ्या लहानपणातला सगळ्यात भीतीचा आवाज आहे.

ती गाडी म्हणजे फौजेने मोडीत काढलेला जुना ट्रक. सगळे तिला डिस्पोजल म्हणायचे. बाबांनी ती लिलावात घेऊन मागे क्रेन बसवली होती आणि तिच्यावर आमचा टोचनचा धंदा चालायचा, म्हणजे रस्त्यात बंद पडलेली गाडी लोखंडी दांड्याने डिस्पोजलला जोडायची आणि ओढत गॅरेजपर्यंत आणायची. वणीकडून कोळसा यायचा, मुकुटबनकडून चुनखडी, राळेगावकडून कापसाच्या गाठी. एवढं ओझं रस्त्यावर असल्यावर काहीतरी कुठेतरी अडकलेलं असायचंच. माणसं सायकलवर, एसटीने, पुढे पुढे फोनवरही निरोप पाठवायची, आणि बाबा ताटावरून उठून जायचे.

पण मी सांगते आहे त्या उन्हाळ्यात बाबा गाडी चालवत नव्हते. त्याच्या आदल्या पावसाळ्यात क्रेनचा पोलादी दोर तुटला होता. ताणलेला दोर तुटतो तेव्हा तो चाबकासारखा फिरतो. बाबांच्या कानाजवळून तो गेला आणि मागच्या कडुनिंबाची मनगटाएवढी फांदी सपकन उडवून थांबला. बाबांना खरचटलंसुद्धा नाही. घरी येऊन जेवले, हात धुतले, आणि दुसऱ्या दिवशी दादाला म्हणाले, "गजू, आजपासून तू चालवत जाय. माहे डोळे दुखून राह्यले." डोळ्यांचं औषध काही आणलं नाही. आईनेही विचारलं नाही. आमच्या घरात भीतीला नाव घ्यायची पद्धत नव्हती. ती घरात वावरायची, कोणी तिला बोलवायचं नाही एवढंच.

आणि नेमकं तेव्हाच डिस्पोजलचं इंजिन थकलं. पेट्रोलवरचं जुनं इंजिन, रिकामं पळतानाही ते पाण्यासारखं पेट्रोल प्यायचं, भरलेला ट्रेलर ओढताना तर काट्याकडे बघवत नसे. काहीतरी करायलाच हवं होतं. बसस्टँडमागे रशीदचाचांचं गॅरेज होतं. बाबांचे ते तरुणपणापासूनचे दोस्त, डिस्पोजलचा नट अन् नट त्यांच्या हातातला. त्यांनी एका मोडीत गेलेल्या ट्रकचं डिझेल इंजिन हेरून ठेवलं होतं. दादाच्या मनात मात्र गॅस होती. यवतमाळला एक जण व्हॅनला गॅसचं किट बसवून द्यायचा. इंजिन तेच ठेवायचं, नळी आणि रेग्युलेटर जोडायचा, आणि पाठीमागे स्वयंपाकाच्या टाक्या बांधायच्या. तसं करायला कायद्याने बंदी होती, पण त्या काळी निम्म्या गावाच्या व्हॅन तशाच पळत होत्या.

एका दुपारी आमच्या ओसरीवर याच्यावर बोलणं झालं. चहा होता, कच्च्या चिवड्यात कांदा चिरून घातला होता. मी आतल्या दारात उभी होते.

"व्हॅन अलग, अन् टोचन अलग," रशीदचाचा म्हणाले. "व्हॅनले पळाचं असते. तुले वढाचं हाये. डिझेल हळू चालते पन खालून जोर लावते, बैलासारखं. गॅसवर हे इंजिन चढावर तापून जाईन, पाहून घे."

"तापलं तं पाणी टाकू," दादा म्हणाला. "डिझेलचं इंजिन बसवाले महिना लागते, चाचा. महिनाभर गाडी उभी ठेवू का? गॅस दोन दिसात होते."

"अन् ते टाक्या पाठीमांगं घेऊन फिरशीन?"

"घरोघरी हायेत टाक्या. लोकं त्यायच्या बाजूले बसून जेवते."

बाबा काय म्हणतात म्हणून दोघांनीही त्यांच्याकडे पाहिलं. पूर्वीचे बाबा असते तर निवाडा एका शब्दात झाला असता. ते बशीतला चहा हलवत राहिले. "चालवणारा गजू हाये," ते म्हणाले. "त्यानंच ठरवाव."

आई आतून आली ती माझ्या अंगाला घासून. "माह्या घराच्या वाऱ्याले ते टाकी नको," ती म्हणाली. तिचं माहेर फुलसावंगीचं. लहानपणी तिथे शेजारची एक नवी नवरी स्टोव्हच्या भडक्यात जळालेली तिने पाहिली होती. आमच्याकडे म्हणूनच चूल होती. शेजारीपाजारी गॅस आली तरी आई धुरात डोळे चोळत भाकरी थापायची. दादा हसला. "आई, हे स्टोव्ह नाई वो." बस, एवढंच. त्या आठवड्यात दादा यवतमाळला जाऊन किट बसवून आला.

लाल टाक्या क्रेनच्या खांबाला साखळीने बांधलेल्या होत्या. गाडी अंगणात उभी राहिली की आई त्यांच्यावर ओलं पोतं टाकायची, आणि चूल तिने परसात, घराच्या पार पलीकडे नेली. मी अंगणातून जाताना नकळत श्वास धरायची. ऊन असं की पत्र्याला हात लावता येत नव्हता, आणि त्या उन्हात त्या टाक्या उभ्या. दुपारी सगळे पडलेले असताना मी जाऊन कान देऊन ऐकायची, कुठे फुसफुस होते का. आज मी पंचेचाळिशीला आले, यवतमाळला माझं स्वतःचं स्वयंपाकघर आहे, तरी झोपण्याआधी रेग्युलेटर बंद केला की नाही ते हात लावून बघते, आणि अंथरुणावरून उठून पुन्हा एकदा बघते. नवरा आता हसतही नाही.

गंमत अशी, की गॅसवर गाडी छान चालली. एक टेम्पो आणला, एक रिकामा ट्रक आणला, सोयाबीनने भरलेली ट्रॉली आणली. इंधनाचा खर्च निम्म्याहून खाली आला. दादा शीळ घालत यायचा. रशीदचाचाही एकदा बॉनेट उघडून बघून गेले आणि म्हणाले, "चालून तं राह्यलं, बुवा." आईच्या पऱ्हाट्या थोड्या कमी मोडू लागल्या.

मग देवरावचा निरोप आला. देवराव वणीचा, जड ट्रेलर चालवणारा. मुकुटबनच्या खाणीवर पोकलेन, म्हणजे खोदायचं अवजड यंत्र, पोचवायला निघाला होता. वाटेतल्या मोठ्या चढावर त्याच्या घोड्याचं इंजिन जाम झालं. ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीला आमच्यात घोडा म्हणतात. इंजिन बंद म्हणून ब्रेकला हवा भरत नव्हती, हवा नाही म्हणून ब्रेक नाहीत. पोकलेन पाठीवर घेऊन तो ट्रेलर चढाच्या मध्यावर नुसत्या दगडांवर आणि ठोकळ्यांवर उभा होता. चढ संपवून सपाटीला आणून दिला, की पुढचं काम गॅरेजचं.

ठोकळे टाकणारा आमचा माणूस लग्नाला गेला होता. मी बारावीची परीक्षा देऊन रिकामी होते. "मी येते," म्हटलं. आई मला म्हणाली, "नको, सवे," पण बाबा म्हणाले, "येऊ दे. मीही संग हावो." बाबा येणार हे ऐकून मला बरं वाटलं आणि त्याच वेळी धास्तीही वाटली, कारण आपण होऊन ते कित्येक महिन्यांत कामावर आले नव्हते.

चढावर पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. एका अंगाला डोंगर कापलेला, त्याच्या पायथ्याशी पाणी वाहून जायला चर, दुसऱ्या अंगाला खोल उतार आणि खाली पळसाचं रान. देवरावने ट्रेलरच्या थोडं खाली, वारा लागू नये म्हणून चरातच तीन दगडांची चूल मांडली होती आणि भात टाकला होता. दोन दिवसांपासून तो तिथेच राहत होता. "या भाऊ," तो बाबांना म्हणाला, "काम झालं का जेऊनच जाजा." बाबांनी ट्रेलरभोवती एक फेरी मारली. पोकलेनचा पिवळा हात आकाशात उभा होता. "गजू," ते म्हणाले, "ओझं गंज जड हाये." दादा म्हणाला, "हळू घेतो." बाबा दांडा काढायला वळले.

दांडा जोडला. देवराव त्याच्या घोड्यात स्टिअरिंग धरून बसला. बाबा दांड्याच्या बाजूने चालणार होते. मी ट्रेलरच्या अगदी मागच्या चाकांशी, दोन्ही हातांत लाकडी ठोकळे घेऊन. गाडी पुढे सरकली की ठोकळे पुढे न्यायचे, मागे आली की चाकाखाली टाकायचे आणि हात काढून घ्यायचा, एवढं काम. डिस्पोजलने जोर घेतला, दांडा कुरकुरला, आणि ते डोंगराएवढं ओझं हललं. मला आठवतं, माझ्या तोंडून हसू आलं. विजेच्या दोन खांबांएवढं अंतर आम्ही चढलो असू.

मग इंजिन खोकलं. मी मान काढून पुढे पाहिलं आणि मला जे दिसलं ते आधी कळेचना. त्या उन्हात, जिथे डांबर पायाला चिकटत होतं तिथे, डिस्पोजलच्या टाक्या पांढऱ्या झाल्या होत्या. त्यांच्यावर बर्फ धरला होता. ओझं जड, म्हणून इंजिन गॅस जोरात ओढत होतं, आणि गॅस जोरात ओढली की टाकी गारठते, गारठली की आतून गॅस निघत नाही. हे आम्हाला नंतर कळलं. रशीदचाचांनाही माहीत नव्हतं. ते इंजिन तापण्याला भीत होते, आणि झालं ते उलटंच. दादाने पेट्रोलवर टाकायचा खटका मारला असणार, पण इतके दिवस गॅसवर पळताना पेट्रोल भरलंच नव्हतं आणि त्याची टाकी कोरडी पडली होती. इंजिन बंद झालं. ती शांतता मी विसरणार नाही. त्या शांततेत एक बारीकसा आवाज सुरू झाला, रबर डांबरावर घासल्याचा.

"सवे, टाक!" बाबा ओरडले.

मी एक ठोकळा टाकला. चाक त्याच्यावर चढलं आणि तो काडीसारखा फुटला. दुसरा टाकला आणि मागे उडी मारली. तो टिकला. ट्रेलर थांबला, पण थांबताना पुढचा घोडा वळला, दांड्याने डिस्पोजलला मागून फिरवलं आणि ती डोंगराच्या बाजूला जाऊन चरात आदळली. दादाच्या बाजूचं दार कापलेल्या डोंगराला टेकलं. दुसरं दार वाकून बसलं. आतून दादाचा आवाज आला, "पाय! पाय अटकला माहा!" आणि त्याच्या आवाजाखाली दुसरा आवाज, सापासारखा, सतत. नळी तुटली होती.

वास आला तेव्हा मी नुसती उभी होते. गॅसची वाफ टाकीजवळ पांढरट दिसत होती आणि वर जात नव्हती. ती जड असते. खाली उतरून चरात पडत होती, आणि चर उताराला होता.

"सवे!" बाबांचा आवाज फाटला. "इस्तो! खालचा इस्तो!"

देवरावची चूल. मी धावले. मी आयुष्यात तशी कधी धावले नाही आणि तेव्हाही धावत होते असं वाटत नव्हतं. स्वप्नात पाय उचलत नाहीत तसं वाटत होतं. एक चप्पल कुठेतरी गेली. डांबराने तळवा भाजत होता. माझ्या डाव्या हाताला तोच चर होता, आणि आपल्यापुढे गॅस गेली की आपण तिच्यापुढे आहोत हे कळायला काही मार्ग नव्हता. वास माझ्याबरोबर येत होता, की माझ्या नाकातच बसला होता, देव जाणे. चुलीत निखारे लाल होते. मी भाताचं पातेलं उचलून त्यांच्यावर उलटं केलं. पेज फसफसली, वाफ तोंडावर आली. शेजारी देवरावची पाण्याची कॅन होती, ती ओतली. मग माती, दोन्ही हातांनी, विझल्यावरही माती. कोणीतरी मोठ्याने रडत होतं. ती मीच होते.

मी वळून पाहिलं तेव्हा बाबा डिस्पोजलच्या मागच्या भागावर चढले होते. त्या पांढऱ्या टाकीचं तोंड त्यांनी उघड्या हाताने धरलं होतं आणि फिरवत होते. बर्फाने ते गच्च बसलं होतं. त्यांनी हात सोडला नाही. मला वाटलं होतं, आता भडका दिसेल. किती तरी वेळ मला तो दिसतच होता, इतका की पुढे पुष्कळ वर्षं तो झाला नाही हे मला स्वतःला सांगावं लागायचं. मग ती फुसफुस बारीक झाली आणि थांबली. बाबा तसेच टाकीला धरून उभे राहिले. हात सोडवला तेव्हा तळव्याची कातडी टाकीवर राहिली.

वास पुरता जाईपर्यंत देवरावने आम्हाला लोखंडाला लोखंड लावू दिलं नाही. एवढीशी ठिणगी पुरे, म्हणाला. दादा आत, आम्ही बाहेर, आणि कोणी काही करायचं नाही. बाबा वाकलेल्या खिडकीशी बसून त्याच्याशी बोलत राहिले, बैलांबद्दल, क्रिकेटबद्दल, काहीही. मग जॅक लावून दादाला काढलं. घोटा मोडला होता. राळेगावकडे चाललेल्या एका जीपमध्ये त्याला झोपवलं. जीपवाल्याने बिडी काढली तर आम्ही तिघंही एकदम ओरडलो.

घरी आईने दादाचा चेहरा हातांनी चाचपला, बाबांच्या हाताला कोरफड लावली, आणि मग माझ्या पायाचा भाजलेला तळवा मांडीवर घेऊन बसली. टाक्या अंगणात परत आल्या नाहीत. दादा पलंगावरून म्हणाला, "चाचाले सांगा, ते डिझेलचं बसवा." त्यात हार-जीत नव्हती. दादाने महिना म्हटला होता, पण रशीदचाचांनी डिस्पोजल चरातून ओढून गॅरेजला नेली आणि दिवसरात्र एक करून त्याच्या आतच इंजिन बसवलं.

हल्ली आमच्या रस्त्याने कारखान्यांचे गॅसवर चालणारे मोठाले ट्रेलर जातात. दादाचा मुलगा सांगतो, आत्या, ती गॅस वेगळी, टाक्या वेगळ्या, चढावर डिझेलइतकंच ओढतात. खरं असेल. त्याला नवा घोडा घ्यायचा आहे, आणि तो मला विचारतो तेव्हा मी म्हणते, तुझ्या बापाला विचार. माझं मत भीतीने दिलेलं असेल आणि भीतीचं मत दर वेळी बरोबर असतंच असं नाही.

त्या उन्हाळ्यात, नवं इंजिन बसलं तेव्हा देवरावचा ट्रेलर अजून त्याच चढावर होता. मालकाने दुसरी गाडी पाठवली नव्हती आणि ओझं सोडून जायची त्याला मुभा नव्हती. इतके दिवस तो पळसाखाली राहिला होता आणि त्याने तिथे पुन्हा चूल पेटवली नव्हती. खालच्या गावातून भाकर मागून आणायचा. दादाचा पाय प्लास्टरमध्ये. बाबांनी हाताला फडकं गुंडाळलं आणि डिस्पोजलमध्ये जाऊन बसले. ठोकळे टाकायला आमचा माणूस होता, तरी मी शेजारी चढून बसले. त्यांनी मला उतर म्हटलं नाही.

चढाच्या पायथ्याशी त्यांनी गाडी थांबवली. "सवे," ते समोर बघत म्हणाले, "मले भेव वाटून राह्यलं."

मी त्यांच्या तोंडून हा शब्द कधी ऐकला नव्हता. "मलेही," मी म्हटलं.

"दोर तुटला तवापासून वाटते," ते म्हणाले. "डोळ्याले काही झालं नव्हतं."

"वापस जाऊ का, बाबा?"

त्यांनी वर पाहिलं. देवराव रस्त्यात उभा राहून दोन्ही हात हलवत होता. "तो कुठं जाईन?" बाबा म्हणाले आणि गिअर टाकला.

डिझेल इंजिनाने घाई केली नाही. दांडा जोडला, देवराव आत बसला, आणि बाबांनी क्लच सोडला तेव्हा सगळी गाडी थरथरली, माझे दात एकमेकांवर वाजले. आम्ही माणसाच्या चालीने चढत होतो. मी आरशात बघत होते, बाबा बघत नव्हते. दर क्षणाला मला वाटायचं, आता खोकेल. फुटलेल्या ठोकळ्याच्या ढलप्या रस्त्यावर अजून पडलेल्या होत्या. चरात डिस्पोजल आदळली होती ती जागा मागे गेली. बाबांच्या हातावरच्या फडक्यातून पाणी झिरपत होतं आणि ते स्टिअरिंगला इतके घट्ट चिकटले होते की ते गाडी चालवतात की गाडीला धरून आहेत हे कळत नव्हतं. इंजिन एकाच सुरात ओढत राहिलं. मग रस्ता पुढे दिसायला लागला, आकाशाच्या ऐवजी झाडं दिसली, आणि सपाटी आली.

तिथे थांबायचं ठरलं होतं. चहाची टपरी होती, ठोकळेवाला मागून "थांबा, थांबा" ओरडत होता. बाबा थांबले नाहीत.

"बाबा, आली सपाटी. थांबा ना."

"थांबलो तं उतरा लागते," ते म्हणाले. "पाय धरत नाई माहे, सवे. सगळ्यायच्या समोर नको."

ठोकळेवाला धावत येऊन मागे लोंबकळला. ब्रेक नसलेला ट्रेलर ओढत आम्ही तसेच हळूहळू पांढरकवड्यापर्यंत आलो, घरासमोर. बाबांनी इंजिन बंद केलं आणि बसून राहिले. देवराव उतरून आला, त्याने खिडकीखाली हात जोडले, बाबांनी नुसती मान हलवली. आई दारातून बाहेर आली. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. ती त्या गाडीत कधीच बसली नव्हती. तिने पदर कमरेला खोचला, दांडीला धरून पायदानावर चढली, मला 'सरक' म्हणाली नाही, सरळ 'उतर' म्हणाली, आणि आत त्यांच्याशेजारी जाऊन बसली.

मी देवरावला पाणी द्यायला आत गेले. बाहेर आले तेव्हा ती दोघं तशीच बसलेली होती, समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत, जणू गाडी अजून चालूच आहे.